उगाच माहिती

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

ऑक्टोपसला तीन काळजं असतात! सकाळी ‘उगाच माहिती’वर मष्णू मास्तरानं टाकलं. खाली लगेच युवराज — “आमच्या साहेबाला एक जरी असतं तर माझी रजा मंजूर झाली असती.” मी लिहिलं, “तीन असती तरी तिन्हींना कुलूप घातलं असतं त्यानं.” झेरॉक्स काढता काढता एकटीच हसले. समोरच्या गिऱ्हाइकानं आपल्या शर्टाकडं बघितलं, काय लागलंय का म्हणून!

चौघांचा ग्रुप. जांबोटीचा मष्णू, मूळची खानापूरची पण आता पुण्यात राहणारी पूर्णिमा, बेळगावात फौंड्रीच्या ऑफिसात बसणारा युवराज आणि निपाणीची मी. एका कोड्यांच्या पानावर भांडता भांडता गाठ पडली. अजून कुणी कुणाला समोरासमोर बघितलेलं नाही.

१७ डिसेंबर

युवराजचा चक्क फोन! “आक्का, बारा जानेवारीला माझ्या सासुरवाडीच्या गावात मराठी संमेलन हाय. मी कमिटीत हाय. तुझं नाव दिलंय.”

“माझं? मी काय लेखिका हाय व्हय रं?”

“शब्दांचं सांगतीस न्हवं ग्रुपवर? तसंच बोल. वीस मिनिटं. लोक हसत हसत ऐकतील.”

कडोलीच्या साहित्य संमेलनाएवढं मोठं नव्हे. तरी मांडव, व्यासपीठ, छापील पत्रिका सगळं असतं. पत्रिकेचा फोटो आलाय — ‘सौ. तारामती मगदूम, निपाणी : आपल्या तोंडातले शब्द’. मी तो बोटांनी मोठा करून करून बघितला. ह्यांना दाखवला. “बरं,” म्हणाले. मग, “त्या दिवशी दुकान कोण बघणार?”

२२ डिसेंबर

आईवरूनच सुरुवात करणार. आई चिकोडीकडची. चुलीपुढं कन्नड, अंगणात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. आम्हाला कधी वाटलंच नाही की ह्या दोन भाषा आहेत. वाटायचं, आईला शब्द जास्त येतात.

ग्रुपवर भाषणाची रंगीत तालीम केली. लिहिलं — “अण्णा, आक्का, अडकित्ता, सगळे कन्नडातनं आलेत म्हणतात. उद्या त्यांनी परत मागितले तर आपल्या सीमाप्रश्नाच्या मोर्च्यात पुढाऱ्याला हाक कशी मारायची? ‘अहो ते’ म्हणून?” युवराजनं हसून लोळणारी तोंडं ओळीनं टाकली. “आक्का, हे व्यासपीठावर बोललीस तर मांडव पडतोय बघ!” पूर्णिमा म्हणाली, साडी हिरवी नेस, फोटोत उठून दिसते.

२५ डिसेंबर

साडीला फॉल लावून आणला.

३० डिसेंबर, सोमवार

हिरवी साडी परत कपाटात ठेवली.

दुपारी मारुतीरावांचा फोन. संमेलन कमिटीचे अध्यक्ष. आजवर एकदाच बोलले होते, तेव्हा ‘ताई’ म्हणाले होते. आज ‘बाई’.

“बाई, तुमचं भाषण यंदा ऱ्हावंदे.”

“का हो, काय झालं?”

“तुमचं लिहिलेलं फिरतंय गावात. लोकांनी त्या मोर्च्यांत लाठ्या खाल्ल्यात. आमचा थोरला भाऊ आत होता. त्याची तुम्ही चेष्टा करता?”

मी म्हटलं, अहो ती शब्दांची गंमत होती. माणसांची नव्हे. चौघांतली. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, “चौघांतली मग गावभर कशी झाली?” फोन ठेवला.

थोड्या वेळानं ग्रुपवरच्या त्या बोलण्याचा फोटो, स्क्रीनशॉट, माझ्यापर्यंतही आला. शेजारच्या मेडिकलवाल्यानंच पाठवला — “वहिनी, हे तुम्हीच काय?” माझं ते वाक्य, खाली ती हसणारी तोंडं. वर कुणीतरी लाल अक्षरात लिहिलंय — ‘ही कानडी बाई आपल्या व्यासपीठावर?’

३१ डिसेंबर

ग्रुपवर विचारलं, कुणी केलं? मष्णू — “शप्पत, मी न्हाय.” पूर्णिमानं फोनच केला, रडत होती. युवराज — काहीच नाही. वाचल्याच्या खुणा मात्र दिसताहेत.

१ जानेवारी २०२५

चिकोडीहून रायाप्पाचा फोन, माझा धाकटा भाऊ. तिकडंही तो फोटो पोचलाय, वर वेगळाच मजकूर लावून. म्हणाला, “आक्का, त्यांच्यात मिरवायला गेलतीस न्हवं? त्यास्नी तू कानडीच. आणि हितं लोक मला विचारतात, तुझी भण मराठीवाल्यांच्या मांडवात काय करती.”

म्हणजे मी कुठलीच नाही. नव्या वर्षाची छान माहिती मिळाली!

हे जेवताना म्हणाले, “गावाला हसवायला तुला सांगितलं कुणी होतं?” ताट तसंच ठेवून उठले मी.

३ जानेवारी

कळलं.

इतके दिवस तो फोटो नीट बघायला मन होत नव्हतं. आज दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, उघडला. आपल्या मोबाईलमध्ये आपण लिहिलेलं उजवीकडं दिसतं, हिरव्यात. दुसऱ्यांचं डावीकडं. ह्या फोटोत माझं वाक्य डावीकडं आहे, वर माझं नाव. आणि ती हसणारी तोंडं उजवीकडं. हिरव्यात.

युवराजचा मोबाईल.

लगेच फोन लावला. “युवराज, तो फोटो तुझ्या मोबाईलातनं गेलाय.”

फौंड्रीतला आवाज मागं पडला, बाहेर आला असावा.

“व्हय आक्का. माझ्याच मोबाईलातनं.”

“का केलंस असं?”

“काय बोलू मी? माझं चुकलं म्हण.”

“म्हण? चुकलं न्हाय?”

“चुकलं,” म्हणाला. एवढंच. एरवी एका शब्दाला चार शब्द लावणारा माणूस!

४ जानेवारी

आधी वर चढवायचं, मग शिडी ओढायची. ह्यालाच मी भाऊ समजत होते. गेल्या वर्षी मला डेंग्यू झाला तेव्हा रोज सकाळी एक फालतू माहिती पाठवायचा — फुलपाखरू पायानं चव घेतं, केळं हे शास्त्रानं द्राक्ष-टोमॅटोसारखं ‘बेरी’ फळ — आणि खाली लिहायचा, ‘औषध नंबर एक’. ते सगळं खोटंच होतं की काय?

आज ग्रुपवर बोलून टाकलं. टाईप नाही केलं, आवाजातच पाठवलं. म्हटलं, तुझ्यासारखा दोन तोंडांचा माणूस मी बघितला नाही. तुझ्या पोरांना तरी सांग बाप काय करतो ते. आणखी बरंच. मष्णूनं त्याला काढून टाकलं. मी त्याचा नंबर बंद केला.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? लई बरं वाटलं.

६ जानेवारी

मारुतीरावांनाही फोन केला. सांगितलं, तुमच्या कमिटीतल्या युवराजचे हे उद्योग आहेत. त्या चेष्टेला तोच हसलाय, फोटोतच बघा. आणि बाहेर पसरवणाराही तोच. ते म्हणाले, “बघतो.”

दहा वर्षं राबतोय तो त्या संमेलनासाठी. मांडवाच्या बांबूपासून पाहुण्यांच्या जेवणापर्यंत. राबू दे. त्यालाही कळू दे, नाव पुसलं की कसं वाटतं.

९ जानेवारी

मष्णूकडून समजलं. युवराजला कमिटीतनं काढलं. सासुरवाडीच्या गावात, मेव्हण्यादेखत. एक शब्द उलट बोलला नाही म्हणे.

बोलेल कशाला? होतं काय तोंडात?

१२ जानेवारी, रविवार

आज संमेलन. माझ्या वेळेला कुणाचं तरी कथाकथन ठेवलं. मी दुकान उघडलं. ह्यांनी विचारलं, “आज रविवारचं?” मी शटर वर ढकललं. एकही गिऱ्हाईक आलं नाही.

१५ जानेवारी

ग्रुपवर पूर्णिमानं काहीतरी टाकलं, मधमाश्यांबद्दल. मष्णूनं अंगठा दाखवला. मी वाचलंही नाही धड.

१९ जानेवारी

दुपारी अनोळखी नंबर. “तारामती आक्का का? मी प्रियदर्शनी. युवराजची बायको.”

मी ठेवणारच होते.

“आक्का, त्यो फोटो मी काढला. हे आंघोळीला गेलते, मोबाईल उघडाच हुता. मी माझ्या भावाला धाडला, त्यानं गावात लावला.”

“अगं पण का? मी तुझं काय बिघडवलं होतं?”

“काय न्हाय. हे घरात कुणाशी बोलत न्हवते आक्का. कामावनं आलं की जेवण, मग मोबाईल. आणि त्यात बघून हसायचं. लग्न झाल्यापास्नं माझ्या बोलण्यावर कधी तसं हसलं न्हाईत. मला बघायचं हुतं, अशी काय बोलती ती बाई. वाचलं. मलाबी हसू आलं. मग लई राग आला.”

“मग तो गप्प का बसला?”

“मी पाय धरलं त्यांचं. माझ्या भावाचं नाव येईल म्हणून. म्हणाले, बरं, माझ्यावर घेतो.” मग म्हणाली, “आता हे मोबाईलबी हातात घेत न्हाईत. भिंतीकडं बघत बसतात. घरात कायच आवाज न्हाय हो, आक्का.”