सूनबाईची परीक्षा होईतो

लोहारा

संघर्षच्या बाबांना सप्रेम जयभीम.

तूरडाळ, तिखट अन् नातवाची गोधडी पोचली. एसटीत पार्सलचे साठ रुपये पडले. पुढच्या वेळी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती द्या. फोनवर तुम्ही मधेच बोलता, म्हणून लिहिते.

आपली सून वैष्णवी नर्सची ड्युटी सांभाळून सार्वजनिक आरोग्याची मोठी पदवी करते आहे. परवा विहारात वर्षावासाचं वाचन झाल्यावर तिनं बायांना थांबवून विचारलं, "फवारणीचे कपडे कशात धुता?" घरच्या कपड्यांतच, असं सगळ्या म्हणाल्या. आपल्याकडेही तसंच आहे. औषधाचं विष घरच्या कपड्यांना लागतं म्हणे, आता वेगळी बादली ठेवा.

एक म्हातारी म्हणाली, "पोरी, परीक्षेसाठी इचारते का आमच्यासाठी?"

"दोन्हीसाठी, आजी. पास झाली का वरची जागा भेटन, मंग साहेबायलेही माह्यं ऐका लागन."

बाया हसल्या. मला मात्र अभिमानानं भरून आलं.

तुम्ही कापूस वेचायला परत ये म्हणता. मी निघाले तर बाळापाशी कोणी नाही, अन् ती परीक्षा सोडेल. ती तसं बोलत नाही, पण मला दिसतं. यंदा वेचणीला मजूर लावा. मी खर्च करा म्हणते आहे, यावरूनच समजा.

खोकला कसा आहे? माझ्या इथं राहण्याला हो म्हणा, अन् उलट टपाली कळवा.

तुमची,
मथुरा