अकराच्या वेगाने

दोहा बंदर,
शुक्रवार, २८ मार्च १९८०

चि. तानूबाईस,

निवृत्तीदादाचा आशीर्वाद. आधी सवयीने ‘चि. सौ.’ लिहिलं गेलं, म्हणून कागद बदलला. मी बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे? इथे आज धक्का बंद. सिमेंटच्या निम्म्या गोण्या अजून बोटीतच आहेत.

पोपटराव तेरावा उरकून परवा परत आले. इथे मुशैरिब भागात दोघे राहायचे त्या खोलीतली शहाजीची कॉट त्यांनी अजून हलवलेली नाही. तू दिलेली चटणी पोहोचली, आणि तुझा प्रश्नही. तार मिळाल्यावर दादांना यायला सात दिवस कसे लागले? पोपटराव म्हणाले, “मी सांगितलं, समुद्र खराब होता.”

समुद्र खराब नव्हता, तानू.

तेल महाग झाल्यापासून कंपनी हैराण आहे. मी या बोटीचा चीफ इंजिनियर. कॅप्टन रहमानना मीच सुचवलं, की ताशी पंधरा मैलांऐवजी अकराने जाऊन बघू. वाऱ्याच्या तोंडावर सायकल दामटली की जीव जातो, थोडी हळू घेतली की सोपी जाते, बोटीचंही तसंच. एवढा वेग उतरवला की रोजचं तेल निम्म्याहून कमी लागतं. बोटीवर हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. तेल कंपनीचं, आपल्याला काय, असंच सगळे म्हणायचे. मी इंजिनरूमच्या माणसांना बसवून शिकवलं. एका पंपावर भागतं तिथे दुसरा बंद ठेवा, वाफ गळताना दिसली की लगेच सांगा. रत्नागिरीचा कासम, आमचा तेलवाला, जेमतेम दुसरी शिकलेला. तो रोज टाकीतलं तेल मोजून आकडा मला येऊन सांगायचा. मला बरं वाटायचं. सिंगापूर ते दोहा अख्खी फेरी एकाच वेगाने करायची आणि आकडे मुंबईला पाठवायचे, असं ठरलं होतं.

सिलोन मागे पडलं त्या गुरुवारी पोपटरावांची तार आली. शहाजी हॉस्पिटलात, कावीळ, लवकर पोहोचा. कॅप्टनसाहेबांनी मला वर बोलावलं. “चीफ, आप बोलो तो फुल स्पीड. मंगल को दोहा.”

मी म्हणालो, “कावीळच है, साब. ट्रायल बिघड जाएगा.”

कासमला खाली कळलंच होतं. “भाऊ आहे तुमचा, साहेब. आकडे काय, पुढच्या फेरीलाही मिळतील.”

मी त्याला त्याचं काम करायला सांगितलं.

मंगळवारी शहाजी बोलत होता. दादाची बोट लागली का, असं त्याने पोपटरावांना दोनदा विचारलं. बुधवारी पहाटे तो गेला. आम्ही गुरुवारी लागलो.

शवागारात मी त्याला पाहिलं. कागदांवर सह्या केल्या, बोटीवर आलो, जेवलो. रडू आलं नाही. अजून येत नाही. कॅप्टनसाहेब रजा देत होते, पोपटरावांच्या ऐवजी त्याला घेऊन मला येता आलं असतं. काम आहे म्हणून सांगितलं. तेही खोटं. तुझ्यासमोर उभं राहायचं धाडस झालं नाही.

आकडे चोख आले. कंपनीचं पत्र आलंय, हीच पद्धत सगळ्या बोटींना लावणार आहेत. कासम अजूनही रोज तेल मोजतो, पण आकडा फळ्यावर लिहून निघून जातो.

आईला हे वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. जूनमध्ये मी बोटीवरून उतरतोय. गावी येऊ की नको, एवढं एका ओळीत कळव. नको म्हणालीस तर येणार नाही.

शहाजीचा थोरला भाऊ,
निवृत्ती