बंदराच्या जुन्या नकाशात आई

ल हाव्र,
मंगळवार, १२ सप्टेंबर २०१७

प्रिय रेमी,

तू, आनिक आणि मुली सुखरूप असाल. तुमच्या ल्योंला अजून उकडत असेल. इथे वारा सुटलाय. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या लाकडी खोल्या लवकरच उतरवतील, म्हणजे उन्हाळा संपला म्हणायचा.

तुझं कार्ड काल आलं. दीड वर्षानं तुझं अक्षर पाहिलं. वर्तमानपत्राचं कात्रण तुला शेजारच्या लकार्पांतिएबाईंनीच पाठवलं असणार, त्यांच्या पोटात काही राहत नाही. ‘ओदिल, तू होतीस म्हणून आई सापडली,’ असं तू लिहिलंस. तुझ्याकडून असं काही ऐकायची सवय मोडली होती.

कामाचं विचारलंस. शहराला पाचशे वर्षं झाली म्हणून मेपासून नुसती रीघ आहे. परवा एका दिवशी दोन प्रवासी जहाजं लागली. पाहुण्यांना शहर दाखवत मी रोज तीन फेऱ्या काढते. काँक्रीटचं चर्च, त्याच्या रंगीत काचा, पन्नासच्या दशकातलं नमुन्याचं घर, गोदीवरची जहाजमालकाची हवेली. तोंड आपोआप चालतं. राजानं दलदलीत बंदर बांधलं, चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात दोन दिवसांत बाँबनी ते भुईसपाट झालं, आणि आता तुम्ही उभे आहात ते त्याच ढिगाऱ्यावर. या वाक्याला सगळे आपापल्या पायांकडे बघतात. रोज, न चुकता.

आईनं कधी पायाखाली बघितलंच नाही. गेल्या वर्षापासून तिच्या लेखी जुनं शहर जागच्या जागी आहे. वसंतात तिला चर्चपाशी घेऊन गेले, तर मनोऱ्याकडे बघून म्हणाली, “हे कसलं धुराडं बांधलंय गं?”

“चर्च आहे, आई.”

“हट्! चर्च मला माहीत नाही होय? मला घरी ने. मामाँ वाट बघत असेल.”

तिची मामाँ, आपली आजी, त्याच बाँबच्या सप्टेंबरात गेली, हे मी किती वेळा सांगायचं? आधी सांगायचे. दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. मग सांगणं सोडलं.

तू वृद्धाश्रमाचं सुचवलंस तेव्हा मी फोनवर काय बोलले ते मला आठवतंय. “तुला आई अडगळ वाटते. मी जिवंत आहे तोवर तिला परक्यांच्या हाती देणार नाही.” तू फोन ठेवलास. मी इथे सगळ्यांना सांगत फिरले, भाऊ दगड आहे म्हणून.

आता त्या दिवसाचं. कात्रणात आलंय ते असं: मंगळवारी, पाच तारखेला, आई घराबाहेर पडली कारण दाराचं कुलूप नीट बसलं नव्हतं. पोलिसांनी सगळीकडे शोधलं. बुधवारी दुपारी मुलीला, म्हणजे मला, सुचलं की आई आजच्या नव्हे तर तिच्या स्वतःच्या लहानपणीच्या रस्त्यांनी गेली असेल. पाहुण्यांना दाखवायचा एकोणचाळीस सालचा नकाशा घेऊन मी टेकडीच्या पायऱ्यांपासून निघाले. जुन्या गल्ल्या आता इमारतींच्या पोटातून जातात, म्हणून भिंत आली की वळसा घालायचा, पुन्हा रेघ पकडायची. दोरवाल्यांच्या गल्लीत तिचं घर होतं. तिथे आता मोठ्या इमारतीचं मागचं अंगण आहे. कचऱ्याच्या डब्यांमागे ती पडली होती. कमरेचं हाड मोडलेलं, कपडे पावसानं भिजलेले. तीस तास.

हे सगळं खरं आहे, रेमी. फक्त कुलूप चांगलं आहे.

हे सांगायला तुला फोन केला होता. दोनदा. तू “हॅलो, कोण?” म्हणालास आणि मी ठेवून दिला. लिहायला बसले, तरी बघ, पहिलं पान किनारा आणि जहाजांनीच भरवलं.

त्या मंगळवारी आई पहाटे पाचपासून जागी होती. कॉफी तिनं माझ्या कामाच्या ब्लाउजवर ओतली. मी पुसत होते, तर माझं मनगट धरून म्हणाली, “तू कोण गं? तू नकोस मला. माझ्या मुलीला बोलव.”

“मीच तुझी मुलगी आहे.”

“छे! माझी मुलगी माझ्यावर ओरडत नाही.”

मी ओरडत होते, हे तेव्हा मला कळलं.

“मला घरी जायचंय,” ती म्हणाली. “सोड मला.”

रोज मी तिला खुर्चीत बसवते, रेडिओ लावते आणि बाहेरून कुलूप घालून जाते. दुपारी लकार्पांतिएबाई डोकावतात. त्या दिवशी मी तिला बूट घातले. खाली बसून नाड्या बांधल्या, दुहेरी गाठ मारून. कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. मग म्हटलं, “जा. जा तुझ्या घरी.” आणि दार सताड उघडं टाकून मी जिना उतरले.

तिनं मागून मला “मेर्सी, मादाम” म्हटलं, अनोळखी बाईचे आभार मानावेत तसं.

ती हरवावी असं मला वाटत होतं का? मी स्वतःला रोज विचारते. हरवावी असं नव्हतं वाटत. ती नसावी, एवढंच वाटत होतं. मधलं काहीच मी मनात आणलं नाही. त्या दिवशीची सकाळची फेरी मी पूर्ण केली, रेमी. पूर्ण. एका बाईनं नमुन्याच्या घरातल्या कपड्यांच्या कपाटाबद्दल विचारलं, तिला मी नीट उत्तर दिलं. परत येताना पायऱ्या धावत चढले. खुर्ची रिकामी होती. लकार्पांतिएबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, कुलूप बसलं नव्हतं वाटतं.” मी म्हटलं, “हो.” तेवढंच. पुढे पोलिसांनी तेच लिहून घेतलं. एवढ्या नीट लावलेल्या बटणांबद्दल मला कुणीच विचारलं नाही.

अंगणात मी तिच्याजवळ वाकले, तेव्हा तिला शुद्ध होती. ओठ निळे पडले होते. मला म्हणाली, “बाई, बरं झालं आलात. माझी मुलगी येईलच. ती गाईड आहे, तिला सगळ्या वाटा माहीत आहेत. पण कामावर असते बिचारी.”

आता गावात मला सगळे थांबवतात. बेकरीवाल्यानं पावाबरोबर केक बांधून दिला. काल फेरीत कुणीतरी मला ओळखलं आणि चर्चच्या मध्यभागी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वर काचांकडे बघत उभी राहिले. पुढचं एकही वाक्य आठवेना. तोंडपाठ असलेलं, वीस वर्षांचं! मी त्यांना तिथेच सोडून बाहेर आले. आता मला फेऱ्या काढणं जमणार नाही.

आई इस्पितळात आहे, तिच्या छातीत पाणी झालंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरच्यांना बोलावून घ्या. ती मला ओळखत नाही, पण माझा हात सोडत नाही. नर्सा म्हणतात, “काय नशीबवान आई!” हे मला सहन होत नाही. तुझं नाव मात्र ती घेते. काल तीनदा घेतलं.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी पोलिसांकडे जाऊन जबाब बदलणार आहे. तिथून मला कधी सोडतील, सोडतील का, ठाऊक नाही. आधीच जायला हवं होतं, पण त्यांनी मला ठेवून घेतलं तर तिच्याजवळ बसायला दुसरं कुणी नाही. हे पत्र तातडीच्या टपालानं टाकते आहे, उद्या मिळेल. गुरुवारची कुठलीही गाडी धर. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, मी तू यायच्या आधी निघून जाईन. आनिकला काय सांगायचं ते तू ठरव. मुलींना एवढ्यात सांगू नकोस, एवढीच विनवणी.

आई शुक्रवारी डोळे उघडेल, तेव्हा तिच्या पलंगाजवळच्या खुर्चीत कुणीतरी असायला हवं. असं कुणीतरी, की ज्यानं तिला बाहेर जा म्हटलं नाही. ये, रेमी. ये रे.

तू अजून म्हणू देशील तर,
तुझी बहीण
ओदिल