मोजे काढणार नाही

लिक ब्रांच, केंटकी
१८ एप्रिल १९९४

चि. आर्लिस यास ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि फोटो पावला. टोमॅटोची तीन रोपं लावलीस आणि शेजारी असा छाती काढून उभा राहिलायस, जसा काही अख्खा डोंगर नांगरलास! शहरात राहून माणूस एवढ्याशावर खूश होतो बघ.

इकडची मोठी बातमी म्हणजे डॉक्टर प्रॅट गेले. घाबरू नकोस, फ्लोरिडाला गेले, मुलाकडे. तीस वर्षं त्यांनी माझा दाब मोजला, साखरेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि यंदा शेंगा कशा आल्यात तेवढं विचारलं. त्याहून जास्त डॉक्टर मला कधी लागलाच नाही. आता दवाखान्याच्या दारावर नवी पाटी आहे, ‘नीवा गेहार्ट, फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’. पोस्टातल्या बाईंना विचारलं, हे एवढं लांबलचक काय प्रकरण? त्या म्हणाल्या, नर्सच, पण पुढचं शिकलेली. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत घरातल्या सगळ्यांना तीच तपासते आणि औषधही तीच लिहून देते. म्हटलं, मग डॉक्टरांनी काय, माशा मारायच्या? मी काही जायची नाही. गोळ्या अजून महिनाभर पुरतील.

रानकांदे निघालेत. काल बटाट्याबरोबर परतले आणि तुझी फार आठवण झाली. लहानपणी तू ते इतके हादडायचास की वासाने मास्तर तुला वर्गाबाहेर बसवायचे, आणि तू बाहेर बसायला मिळतं म्हणून आणखी खायचास. आता ते मास्तर नाहीत, ती शाळाही नाही. रानकांदे मात्र तेच आहेत. तब्येतीला जप, लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई,
डेल्फिया

डेटन, ओहायो
२९ एप्रिल १९९४

ती. ताईस आर्लिसचा सा. न. वि. वि.

टोमॅटोंना नावं ठेवलीस, ठेव. पण पत्रातल्या दुसऱ्या बातमीने माझी झोप उडाली. तुला साखर, डॉक्टर गेलेले, घरात फोन नाही, आणि दारातला ओढा ओलांडून गाडी वर येत नाही. आपल्या आतेबहिणीचा, ओपलचा पाय असाच साखरेने गेला ना? गुडघ्यापासून कापला तेव्हा सगळे म्हणाले, वेळेवर दाखवलं असतं तर वाचला असता. तुझ्यावर ती पाळी यावी आणि मी इथे फ्रीजच्या कारखान्याची पेन्शन खात बसावं, हे मला जमायचं नाही.

तुझी भावजय नॉर्मा गेल्यापासून मागची खोली रिकामी आहे. तिला रंग दिलाय, फिकट पिवळा. इस्पितळ दहा मिनिटांवर आहे. सरळ सांगतो, जुलैत मी गाडी घेऊन येतो. तोवर कुणी तुझी नीट तपासणी करत नसेल, तर तुला कोंबड्यांसकट उचलून इकडे आणणार. मग रडायचं नाही.

आणि नर्स म्हणून नाक मुरडतेस ते कुणापुढे गं? मला घटसर्प झाला तेव्हा खोऱ्यात कोण आलं होतं? घोड्यावर बसून, नदी पोहून, ओल्याचिंब कपड्यांनी त्या नर्सबाईच आल्या होत्या. दोन दिवस माझ्या उशाशी बसल्या. तो घोडा तू राखलास, त्याला आपला मका चारलास म्हणून बाबांचा ओरडाही खाल्लास. अजून त्या ओल्या चामड्याचा वास आला की मला वाटतं, आता मी बरा होणार. आपली आई देवाखालोखाल त्या बाईंना मानायची. तेव्हा मुकाट्याने जा. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
आर्लिस

लिक ब्रांच
२० मे १९९४

चि. आर्लिस यास अ. उ. आ.

गेले बाबा, गेले! तुझ्या पिवळ्या खोलीच्या धाकाने गेले. चर्चचा पोशाख केला, टोपी घातली, वाळवलेल्या शेंगांची एक माळ बरोबर घेतली. रिकाम्या हाताने कसं जायचं?

मुलगी वाईट नाही. चाळिशीची असेल. मी आधी विचारलं, तू कुणाची? तर बर्था गेहार्टची नात निघाली. म्हटलं, तुझ्या पणज्याने आमच्या बाबांना आंधळं खेचर विकलं होतं. ती म्हणाली, आमच्या घरात अजून सांगतात की तुमच्या बाबांनी ते डोळस म्हणून पुढे विकलं. मला हसू आवरेना. मग तिने आईचं, बाबांचं, तुझं, सगळ्यांचं विचारलं. कोण कशाने गेलं, कुणाला साखर होती. तासभर बसली माझ्याशी. प्रॅट डॉक्टरांनी तीस वर्षांत मिळून तासभर दिला नसेल.

आणि मग म्हणाली, बूट आणि मोजे काढा.

मी म्हटलं, काढणार नाही. ती म्हणाली, साखरेच्या माणसाची तपासणी पायापासूनच सुरू होते. म्हटलं, माझी दंडापाशी संपते, दाब मोज आणि गोळ्या दे. तिने पुन्हा विनवलं. मी टोपी घातली नि उठले. गोळ्या मिळाल्या, तपासणी झाली, तुझी अट पुरी झाली. आता खोलीला भाडेकरू शोध.

उजव्या पायाचं एक बोट जरा काळंनिळं झालंय, चर्चचे बूट चावतात म्हणून. आई लावायची तसं रॉकेल लावतेय. दुखत अजिबात नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

तुझी ताई,
डेल्फिया

डेटन
२८ मे १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

दुखत नाही? अगं बये, ओपलचंही दुखत नव्हतं! साखरेने पायाची जाणीवच जाते. रॉकेल कसलं लावतेस!

तुला राग येईल, येऊ दे. मी दवाखान्यात फोन केला. नीवाबाईंनी मला ताकास तूर लागू दिली नाही. म्हणाल्या, तुमच्या बहिणीच्या परवानगीशिवाय मी त्यांच्याबद्दल अवाक्षर बोलणार नाही. मग मीच बोललो. बोट, रॉकेल, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ओढ्यावरचा पायपूल अजून धड आहे का?

त्या आल्या तर कुत्रं सोडू नकोस. पाया पडतो.

तुझा,
आर्लिस

लिक ब्रांच
२३ जून १९९४

चि. आर्लिस यास अ. उ. आ.

चुगलखोर मेल्या, आधी तुला शिव्या घालते आणि मग सगळं सांगते.

तुझं पत्र पोचायच्या आधीच नीवा आली. बुधवारी दुपारी, दोन मैल चढून, पायी. मी ओसरीवर शेंगा सोलत होते. हातात पिशवी आणि काखेत पांढरं घमेलं. माझ्या पिंपातलं पाणी घमेल्यात ओतलं, चर्चमध्ये बांधतात तसा कमरेला लांब टॉवेल बांधला आणि माझ्यापुढे गुडघे टेकून बसली.

मी काय करणार रे? आपल्यात घमेलं घेऊन पुढ्यात बसलेल्या बाईला नाही म्हणायचं म्हणजे तू माझी बहीण नाहीस असं तोंडावर सांगणं. म्हणून तर चर्चमधल्या पाय धुण्याच्या रविवारी, बाया एकमेकींचे पाय धुतात तेव्हा, मी दरवर्षी जेवणाचं बघायचं निमित्त करून बाहेर सटकते. लोक म्हणतात, डेल्फिया किती राबते! मला वाटायचं, कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तर ही म्हणाली, तिची आजी बर्था दरवर्षी माझ्या नावाचा एक टॉवेल जास्त न्यायची आणि कोरडाच घरी परत आणायची. तो लहानपणी घडी करून ठेवायचं काम हिचं होतं.

मला रडू फुटलं. मी मोजे काढले.

बोट काळं पडलं होतं, शेजारचंही. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. डाव्या पायाची ती जुनी वाकडी बोटंसुद्धा तिने हळूच धुतली आणि विचारलं, हे कधीचं? म्हटलं, लहानपणी थंडीने झालं. त्यापुढे काही सांगितलं नाही. मग तिने पाय कोरडे केले, पट्टी बांधली आणि म्हणाली, आत्ता माझ्याबरोबर इस्पितळात चलायचं. म्हटलं, आधी तुझे पाय. वेळ नाही म्हणाली. म्हटलं, अर्धं सोडलंस तर बर्था थडग्यातून उठून येईल. काढले मग तिने. टाचांना ह्या एवढाल्या भेगा! दिवसभर उभी असते बिचारी. मी घाईघाईने धुतले, आणि तिच्या खांद्यावर रेलून पूल ओलांडला.

दोन बोटं काढली. सर्जन म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर पाय गुडघ्यापासून गेला असता. काल नीवानेच घरी आणून सोडलं.

आता मुद्द्याचं. रोज कुणीतरी माझे तळपाय बघायला हवेत, एखादा फोड, एखादी चीर. मला वाकता येत नाही आणि स्वतःचे तळवे दिसतही नाहीत. नीवा सोमवारी येईल. उरलेल्या सहा दिवसांचं काय, असं तिने विचारलं. तेव्हा ये तू गाडी घेऊन. मी हरले. कोंबड्या पोस्टातल्या बाईंना देते. सकाळी डोंगरावरून धुकं उतरताना बघते नि जीव तुटतो, पण पाय वाचला हेही थोडं नाही. पिवळा रंग मला आवडत नाही, एवढं सांगून ठेवते.

तुझी ताई,
डेल्फिया

डेटन
१ जुलै १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

कोंबड्या कुणालाही देऊ नकोस. मी येतोय, पण तुला न्यायला नाही. राहायला येतोय. कारखान्यातल्या एका जोडीदाराचा मुलगा घर भाड्याने घेतोय. खरं सांगू? खोली तुझ्यासाठी म्हणून रंगवली खरी, पण नॉर्मा गेल्यापासून इथे मला नावाने हाक मारणारंच कुणी उरलेलं नाही. मलाच कुणीतरी हवं होतं. नीवाबाईंना सांग, उरलेले सहा दिवस माझे.

आणि तू नीवाबाईंना जे सांगितलं नाहीस ते मला ठाऊक आहे. छत्तीसच्या हिवाळ्यात बाबांनी बुटांचा एकच जोड आणला आणि म्हणाले, दोघं आळीपाळीने घाला. तू आईला सांगितलंस, मला शाळा आवडत नाही, बूट आर्लिसला द्या. वाटेवरच्या नेपियरांच्या कुत्र्याला मी भ्यायचो म्हणून रोज सकाळी पायांना गोणपाट गुंडाळून मला पुलापर्यंत पोचवायचीस आणि बर्फातून एकटी परत जायचीस. बोटं सुजली तेव्हा बाबांना वाईट वाटेल म्हणून आईपासून लपवलीस, नर्सबाईंपासूनही लपवलीस. माझ्यापासून लपवता आली नाहीत, आपण एका खाटेवर झोपायचो. मला सगळं दिसत होतं. पण बोललो असतो तर बूट द्यावे लागले असते, म्हणून आठ वर्षांचा मी गप्प राहिलो. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षं गप्पच आहे.

त्या पायांकडे बघायचं मी जन्मभर टाळलं, ताई. आता रोज सकाळी हातात घेऊन बघेन.

गुरुवारी दुपारपर्यंत पोचतो. तुझी माया होती तशीच असू दे.

तुझा,
आर्लिस