बाबांचा राजीनामा

सौंसर,
१८ मे २०२५

ती. सुधाआत्यास,

ऋतुजाचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत आणि पांढुर्ण्यात तुम्हीही असाल असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. फाडायचा असेल तर आधी वाच.

उन्हाने जीव नकोसा केलाय. कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून आई-बाबांची रोज जुंपते. आईचा गुडघा बरा आहे. तू पाठवलेल्या कुरड्यांचा डबा अजून फोडला नाही. तो भुजसाठी बाजूला ठेवला होता ना, तसाच आहे.

मी सूतगिरणीत जाते आहे. बाबांनी आधी सांगितली होती तीच, घराजवळची. सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी कानात मशीनची घरघर घेऊन परत येते. लोक चांगले आहेत. काम म्हणजे बहुतेक बघत उभं राहणं.

तुझा राग मला समजतो. कॉलेजने उन्हाळ्यात दोन महिने बाहेर काम शिकायला सांगितलं आणि आपल्या घरात रामायण सुरू झालं. मला भुजला हातमागावर जायचं होतं, आई-बाबांना मी डोळ्यांसमोर हवी होते. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तेव्हा तू मुद्दाम सौंसरला आलीस आणि त्यांच्यासमोर बसून म्हणालीस, "पोरीले जाऊ दे अनिल, तिनं आपल्या दमावर मिळवली जागा." माझ्यासाठी आजवर कुणी एवढं भांडलं नव्हतं. आणि बाबा राजी झाल्यावर मीच म्हटलं, नको, गिरणीच बरी. तुला तोंडघशी पाडलं. मूड बदलला, असं मी सगळ्यांना सांगितलंय. तुलाही तेच सांगणार होते. पण आत्या, तुला खोटं लिहवत नाही.

तू सौंसरहून परत गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांचा आवाजी मेसेज आला. मी नागपूरला होस्टेलवर होते. अबोला धरल्यानंतरचं त्यांचं पहिलं बोलणं. "ऋतू, आता राजीनामा. बहुत झालं. मले हे रोजचं भांडण सहन होत नाही, बेटा."

बस, एवढंच. जिन्यात बसून मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मला माझीच लाज वाटली. भुजच्या लोकांना मी येते म्हणून कळवलं होतं, म्हणजे ती जागा सोडायची तर राजीनामाच झाला, असा अर्थ मी लावला. खूप रडले आणि घरच्या अडचणीमुळे येता येत नाही असं त्यांना लिहून टाकलं.

तुला एव्हाना कळलं असेल. तू इथली आहेस. मला नाही कळलं.

घरी आले आणि दारातच म्हटलं, "बाबा, तुमचं ऐकलं मी." त्यांचा चेहरा असा फुलला! "मले माहीत होतं, तू आयकशील." मग आतून चाकांची नवी बॅग ओढत आणली, अजून तिचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. खिशातून भुजच्या वाटेवरचं, अहमदाबादपर्यंतचं तिकीट काढलं. आईला म्हणाले, "मांड चहा. राजीनामा झाला का दोन्ही पार्ट्या कोर्टासमोर संगं चहा पेतात. म्या माही जिद सोडली, इनं दिवाळीले पुरी सुट्टी घरी राहाचं. झाला फैसला."

आयुष्यभर वकिलांकडे मुन्शीगिरी केलेला माणूस. त्यांच्या इथल्या, मध्य प्रदेशातल्या हिंदी कोर्टात भावाभावांची तडजोड झाली की तिला राजीनामा म्हणतात. मी पाचवीपासून काटोलला मामाकडे वाढले, तिथे महाराष्ट्रात नोकरी सोडताना राजीनामा देतात. बाबांनी समेटाचा हात पुढे केला होता आणि मी त्याचाच उलटा अर्थ घेऊन माझी जागा सोडून आले.

मोरीत जाऊन भुजला फोन लावला. बाई फार गोड बोलल्या. जागा दुसऱ्या मुलीला दिली होती.

बाहेर येऊन मी म्हटलं, मला गिरणीतच करायचंय. बाबा आधी हसले, त्यांना वाटलं चेष्टा करून राहिली. मग म्हणाले, "तं मंग इतके दिवस आमाले कायले रडवलं?" चहा तसाच ठेवून उठून गेले. तिकीट त्यांनी स्वतःच रद्द करून आणलं.

खरं का नाही सांगितलं, विचारशील. मला काटोलला त्यांनीच पाठवलं, चांगल्या शाळेसाठी. आई सांगते, तेव्हापासून माझ्या बोलण्यातला एखादा शब्द वेगळा निघाला की ते गप्प होतात. आपलं बोलणं आपल्याच पोरीला उलटं समजलं, हे कळलं तर ते मला नाही, स्वतःला दोष देतील. दुसऱ्यांची भांडणं मिटवण्यात त्यांचा जन्म गेला. घरचं एक मिटवलं, ते असं झालं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा पोरगी लहरी आहे असंच वाटू दे.

दुःख होतं ग. भुजचं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त या गोष्टीचं होतं, की ते माझ्यासाठी एवढे वाकले आणि मी त्यांना नीट आनंदही होऊ दिला नाही.

एकच मागते. बाबांना वाटतं तू त्यांच्यावर रागावली आहेस. त्यांना फोन कर, बहिणीसारखं बोल. माझ्याशी मात्र एवढ्यात बोलू नकोस. लग्नाकार्यात भेटलो तरी तोंड फिरव. तू एकाएकी मला जवळ घेतलंस तर ते विचारतील काय झालं, आणि तुला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही.

उत्तर लिहू नकोस. घरी टपाल बाबाच घेतात.

तुझ्या भावाची मुलगी,
ऋतुजा