माईंच्या खिडकीवरचं ठिगळ

४ नोव्हेंबर, मंगळवार

खंडव्याचं चंबूगबाळं आवरून एकदाचे उज्जैनला आलो! फ्रीगंजात भय्यासाहेबांकडे वरचा मजला मिळाला. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी कारकून. तो ताठा अजून मानेत आहे, पण माणूस लोण्यासारखा. त्यांच्या पत्नी माईंनी सामान उतरायच्या आत साबुदाण्याची खिचडी पाठवली, वर मूठभर शेव! आमची सौ. मीना हसून बेजार. माई तिला म्हणाल्या, इथे राहायचं तर शेव सगळ्यावर पडणारच, सवय करून टाका.

मला नोकरीही लागली. शिक्षण बेताचंच, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जे शिकलो ते बघून बघून. आता शहरातल्या कॅमेऱ्यांच्या कंट्रोल रूममध्ये दिवसपाळी. खुर्चीत बसायचं आणि पडद्यावर गल्ल्या बघायच्या. म्हातारपणी फुकट सिनेमा, अजून काय पाहिजे!

८ नोव्हेंबर, शनिवार

शेजारच्या खुर्चीवरची मानसी मला काम शिकवते. कॅमेऱ्यात कोणाची खिडकी आली की पडद्यावर तेवढ्या जागी काळा चौकोन बसवायचा, म्हणजे घरातलं कोणी बघू नये. ती त्याला मास्क म्हणते, मी ठिगळ म्हणतो.

परवा आमच्या गल्लीत कॅमेरा कुठे लावायचा त्यावर वॉर्डाची बैठक झाली. काय तो गोंधळ! प्रत्येकाला शेजाऱ्याचं दार दिसायला हवं, स्वतःचं नको. शेवटी कोपऱ्यावरचा खांब ठरला. सिंहस्थाची घाई, आज कॅमेरा चालूही झाला. त्यात नेमकी माईंच्या देवघराची खिडकी येते आणि वर आमची, जिथे मीना भाजी निवडत बसते. आमचे प्रमुख श्रीधरसाहेब, त्यांना विचारून दोन्हींवर ठिगळं लावून टाकली. साहेब लगेच हो म्हणाले. जरा जास्तच लगेच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

माईंच्या खिडकीवरचं ठिगळ वाढलंय. मी चौकटीबरोबर बसवलं होतं, आता सज्जाही झाकला गेलाय. कोणी हात लावला विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघतात. मानसी म्हणते, काका, ठिगळ बरोबर आहे, तुमचा चष्मा बदला.

टावर चौकाच्या कॅमेऱ्यात साहेबांचं घर दिसतं. खिडक्या सताड उघड्या, ठिगळ एकही नाही. सहज कारण विचारलं. ते हसले आणि म्हणाले, मला बाबा उघड्यावरच बरं वाटतं.

हसणं काही आवडलं नाही मला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

आज वॉर्डातल्या लोकांना कंट्रोल रूम दाखवली. भय्यासाहेब अचकन घालून आले. पडद्यावर आपलं घर बघून आधी फुलले, मग ठिगळ दिसलं आणि लालबुंद झाले. भर लोकांत विचारलं, मधुकरराव, आमच्या घराला काळं कोणी फासलं? समजावलं की माईंना आडोसा म्हणून मीच केलंय. ऐकेनात. दरबारी घराण्याला बट्टा म्हणाले, आत्ताच्या आत्ता काढा. घरमालक, वर वयानं मोठे. मी बटण दाबलं.

ठिगळाखाली खिडकी नव्हती. सपाट भिंत.

भय्यासाहेब म्हणाले, हं, आता शोभतं. मी विचारलं, माईंची खिडकी कुठे गेली? तर म्हणाले, कोण माई? आणि सगळ्यांदेखत माझी थट्टा, की मधुकरराव या वयात आमचं लग्न लावायला निघाले.

सगळे हसले. साहेब सोडून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घरीही भिंतच. हात फिरवून पाहिला. जुना चुना, कुठे सांधा नाही. मीनाला माई आठवत नाहीत. खिचडी भय्यासाहेबांनी स्वतः केली होती म्हणते.

माई तर काल घरातही नव्हत्या. सकाळी राम घाटाला गेल्या, मीच रिक्षात बसवलं. म्हणजे मीनाला घेऊन खंडव्याला पळालो तरी —

साहेबांनी बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, पहिल्यांदा सगळ्यांनाच जड जातं, काका. ज्याच्या हातानं ठिगळ निघतं, त्यालाच माणूस आठवतो.

म्हणजे यांनी किती —

२० नोव्हेंबर, गुरुवार

उद्या दुपारी सगळी ठिगळं काढणार. सिंहस्थाआधी पडदे स्वच्छ हवेत म्हणे. साहेबांच्या पाया पडलो, आमचं तेवढं राहू द्या. ते गोड आवाजात म्हणाले, मग तुम्हीच काढा की. निदान काकू आठवणीत तरी राहतील.

माझ्या हातानं? मीनाला?

नाही म्हटलं. पास काढून घेतला, बाहेर काढलं. उद्या मानसी बसेल. तिला फोन केला. म्हणते, काका, आराम करा, तुम्हाला जागरण —

तिला तरी आठवेल का मीना. मला नाही —

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपार. खिडकीशी बसलोय. मीनाला काही सांगितलं नाही. चहा केलाय तिनं. डाव्या हातानं तिचा हात धरलाय. लाजते. म्हणते, सोडा, म्हातारचळ लागलाय का, खालून भय्यासाहेब बघतील.

मीना माझी बायको. मीना. खोकला आला की पदर तोंडाला — रागावली की मला मधुकरराव म्हणते —

मीना. मीना. मी

उजेड गेला. आत्ता तर ऊन होतं. मीना म्हणते, अहो, खिडकी —

भिंतीला टेकून बसलोय. समोर दोन कप. एकातला चहा अर्धा प्यायलेला, अजून गरम. माझा डावा हात असा अर्धवट मिटलेला का —

वर मीना, मीना लिहिलंय. अक्षर माझंच. पण ही कोण —