मला वगळून डीव्हीडी

दिंद्रुड,
दि. १७ जानेवारी २०१९

श्री. हनुमान आश्रुबा महानवर, चौसाळा, यांना,

नमस्कार. संक्रांत परवाच झाली. तिळगूळ पाठवला नाही. गोड बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही आणि तुमच्याकडे ते कधी नव्हतंच. इकडे सगळे बरे आहेत. यंदा हरभरा कुणी पेरलाच नाही, तरी चाललंय. तुमच्याकडची खुशाली विचारत नाही, ती मला आता घरबसल्या कळते. कशी ते पुढे लिहिते.

तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवलाय, म्हणून पत्र. तुमच्याच चुलतभावाच्या, रामहरीभाऊंच्या हाती देतेय. पोस्टात हरवलं असं म्हणता येणार नाही.

आधी माझ्या भावाचं. मागच्या आठवड्यात माऊलीला तुम्ही फोनवर म्हणालात, "पेन ड्राइव्ह मुद्दाम खराब दिला बे तू, बहिणीनं शिकवलं तुला." माऊलीनं ऐकून घेतलं. मी घेणार नाही. त्यानं मामांचा टीव्हीवर आलेला कार्यक्रम त्याच्या डिशच्या बॉक्समध्ये रेकॉर्ड करून ठेवला होता, तीन वर्षं पुसला नाही, मॅचसाठी जागा लागली तरी पुसला नाही. ते चॅनेल कधीच बंद पडलं. मोबाईलवर कुठंही ते सापडत नाही. तुमच्या बापाचं बोलतं-हलतं चित्र त्या एका बॉक्समध्ये उरलंय. आणि बॉक्सवरचं रेकॉर्डिंग त्या बॉक्सवरच चालतं, पेन ड्राइव्हवर घेतलं तर दुसरीकडे नुसता काळा पडदा दिसतो. कंपनीनंच तसं करून ठेवलेलं असतं. त्यात माऊलीची काही चूक नाही.

मग तुम्ही रामहरीभाऊंकडून निरोप पाठवलात. सोमवारी मामांचं वर्षश्राद्ध, पंगतीनंतर पडद्यावर तो कार्यक्रम दाखवायचा. मंडपवाल्याकडे डीव्हीडीचं मशीन आहे आणि घरी तुमच्या आईकडे, आत्याबाईंकडे, कीर्तनं बघायचं जुनं आहे, तर डीव्हीडी करून दे. "तू नाहीतरी माजलगावला प्रविणच्या फोटो स्टुडिओत तेच काम करतेस." इथवर ठीक. पुढचं रामहरीभाऊंनी खाली बघत सांगितलं. तुमचे नवे सोयरे येणार आहेत, तर त्यात सायली दिसली नाही पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी म्हणून मला माहेरी आणून सोडलंत. अजून घटस्फोटाची सही झालेली नाही आणि तुमचे सोयरे ठरले. ठरू द्या. मी हो म्हणाले. वाटलं, मामांसाठी करू. मी मामांच्या मातीला आले नव्हते, ते कर्ज नको डोक्यावर. त्या विषयावर तुमच्याशी कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

माऊलीचा बॉक्स उचलून स्टुडिओत नेला. तीन रंगांच्या वायरी कॉम्प्युटरच्या कार्डाला जोडल्या आणि कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून पुन्हा रेकॉर्ड केला. दुसरा मार्ग नाही, जितका वेळ कार्यक्रम तितका वेळ समोर बसावं लागतं. मी बसले. तुम्ही तो कधी नीट पाहिला नसेल, म्हणून सांगते. माळावर मेंढ्या बसल्यात, मामा घोंगडी टाकून उभे आहेत, शेजारी मी कोकरू घेऊन. ती मुलाखत घेणारी बाई विचारते, बाबा, एवढ्या मेंढ्या सांभाळतं कोण? मामा म्हणतात, "मी हाय. पोरगा हाय, नावाला. खरं सांगू का, ही हाय. ही माझी सून. माझ्याशी भांडती. घरात मला उलटं बोलायची कुनाची टाप न्हाई, ही बोलती. लई बरं वाटतं." मी बाजूनं म्हणते, "मामा, कॅमेरा चालू आहे." तर मामा माझ्याकडे वळून असे हसतात की टोपी सावरावी लागते.

मला नेमकं काय कापायला लावलंत ते आता कळलं का? सोयऱ्यांसमोर नको ते फक्त माझं तोंड नव्हतं.

तरी मी कापलं. चित्र मोठं करून एका बाजूला सरकवलं, मी चौकटीबाहेर गेले. माझा आवाज आणि मामांचं 'पोरगा हाय'पासून पुढचं बोलणं काढून टाकलं. तशी एक डीव्हीडी तयार केली.

काल बुधवारी रामहरीभाऊ ती न्यायला आले, तर बरोबर आत्याबाई. तुम्हाला सांगितलं होतं बीडला डोळे दाखवायला जातो म्हणून. तुमच्या आईला आधी बघायचं होतं, आपल्या माणसाचा चेहरा नीट दिसतो का. दारातून आत आल्या, मला पाहिलं आणि प्रविणला म्हणाल्या, "दुसरं कुनी न्हाई का दुकानात? हिच्या हातचं नको मला."

प्रविण म्हणाला, "काकू, काम तिनंच केलंय."

मी पाणी दिलं, त्यांनी पेल्याला हात लावला नाही. मला राग आला. जाणूनबुजून आवाज मोठा करून डीव्हीडी लावली.

नवऱ्याला बोलताना बघून त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग ते हसणं आलं. मामा चौकटीच्या कडेला सरकलेले, अर्धा कान कापला गेलेला, रिकाम्या जागेकडे बघून हसतायत. आवाज नाही, कोणी नाही. वेड लागलेल्या माणसासारखे दिसत होते. मी एकटीनं पाहिलं तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं, कारण तिथं कोण आहे ते मला माहीत होतं.

आत्याबाई म्हणाल्या, "हे कुनाकडं बघून हसायलेत?"

मग त्या रामहरीभाऊंकडे वळल्या.

"रामहरी, कुनाकडं बघून हसायलेत तुझे काका?"

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. सगळं दाखवलं, माझ्यासकट. "पोरगा हाय, नावाला" हेही त्यांनी ऐकलं.  संपल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एवढं कवतिक केलं तुझं. मग त्यांनी बोलावलं तवा आली कावून न्हाईस? दवाखान्यात दोन दिस तुझं नाव घेत होते. हनुमाननं तीनदा फोन केला. न्हाई येत म्हनलीस."

हनुमान, मी तिथं खुर्चीवर बसून राहिले. 

मला कुणाचाही फोन आला नव्हता. मामा आजारी आहेत हेही ठाऊक नव्हतं. ते गेल्याचं मला दिंद्रुडच्या बाजारात भाजी घेताना कळलं, तिसऱ्या दिवशी, चौसाळ्याच्या एका बाईकडून. दहाव्याला यायला निघाले, तर तुम्ही माऊलीला सांगितलंत, आई तिचं तोंड बघणार नाही म्हणते. म्हणून मी उंबऱ्यातून माघारी फिरले. वर्षभर मी त्यांना दोष दिला आणि त्यांनी मला.

मी आत्याबाईंना एवढंच म्हणाले, "मला कुणी बोलावलंच नाही."

"खोटं बोलू नको."

"रामहरीभाऊंना विचारा. ते असतील ना तिथं."

रामहरीभाऊ दाराकडे बघायला लागले. आत्याबाई उठल्या, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बोल की रे. होतास ना तू?"

"काकू," ते म्हणाले, "त्यानं फोन लावलाच नव्हता. गेटापर्यंत गेलतो आमी, त्यानं गुटख्याची पुडी खाल्ली आन् वर येऊन सांगितलं, न्हाई येत म्हनली. मला म्हनला, गप ऱ्हा, ती आली की पुन्ना घरात घुसती."

तुमची आई ओरडली नाही. मी वाट बघत होते ओरडतील म्हणून. त्या परत खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "लाव पुन्ना." मी लावलं. मामा हसायला लागले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. मग आम्ही दोघी काय रडलो ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

रामहरीभाऊंना रागावू नका. वर्षभर ते गप्प राहिले, त्याचं काय करायचं ते त्यांची काकू बघेल.

आत्याबाई आणि रामहरीभाऊ काल माझ्याबरोबर दिंद्रुडला आले. इथंच आहेत. तुम्ही रात्रभर रामहरीभाऊंना फोन करत होतात ते दिसत होतं, आत्याबाईंनीच उचलू दिला नाही. आता माऊलीच्या अंगणात बसून बाजरीचं पीठ चाळतायत आणि मी काय लिहितेय ते मधूनमधून वाचायला लावतायत. त्यांचं एक वाक्य जसंच्या तसं लिहायला सांगितलंय: "मरत्या बापाला खोटं बोलून वाटंला लावलंस." पुढं काही सांगायचंय का विचारलं, तर म्हणाल्या, एवढं बास हाय.

तुम्ही मला मारलंत, सोडलंत, ते मी एका बाजूला ठेवलं होतं. बायकांना तसं ठेवायला शिकवलेलं असतं. पण मामा गेले ते मी आले नाही हे मनात घेऊन गेले. दारावर कुणाचं पाऊल वाजलं की मान वळवत होते, असं आत्याबाई सांगतात. हे मला कुठंही ठेवता येत नाही. मला तुमची माफी नको. मागायला समोरही येऊ नका.

आता सोमवारचं. कापलेली डीव्हीडी मी माझ्या हातानं मोडली. पूर्ण कार्यक्रमाच्या चार केल्यात, प्रत्येक स्टुडिओतल्या जुन्या मशीनवर चालवून पाहिलीय, चालत नाही हे कारण सांगू नका. एक आत्याबाईंच्या पिशवीत आहे. त्या म्हणतात, पडद्यावर हीच लागेल, नाहीतर त्या पंगतीला बसणार नाहीत. सोयऱ्यांनी बघावं, ऐकावं, मग त्यांची मुलगी द्यायची का ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी त्यांना एक शब्द बोलणार नाही. मामा बोलतील तेवढं पुरे.

आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं येतोय. गाडी पाठवू नका.

मंगळवारी तुमच्या वकिलाकडे बीडला येऊन सही करते. अट नाही, मागणं नाही. त्या दिवशी तुमची बायको सुटेल. मामांची सून कोणत्या कागदावर सुटते, ते वकिलाला विचारून ठेवा. मला तरी तसा कागद माहीत नाही.

आश्रुबा महानवरांची,
सायली